कळकलेलं पन्हं

हिरवी उलटी कधी पाहिली आहे तुम्ही? नसेल तर नशीबवान आहात. मी पाहिली, आणि एकीची नाही, शिरगोळच्या शाळेच्या अंगणात चैत्रातल्या हळदीकुंकवाला ठेवणीतल्या साड्या नेसून आलेल्या निम्म्या गावाची पाहिली. कुणी तुळशीकट्ट्याशी वाकलेली, कुणी झोपाळ्याच्या दोरीला धरून, आणि आमच्या अध्यक्षाबाई तर चैत्रगौरीच्या आराशीतच. शी! पण ती घाण दोन बादल्या पाण्याने धुतली गेली. पुढच्या दोन दिवसांत जी किळस आली ती अजून गेलेली नाही, आणि तीच सांगायला बसले आहे.

मी कुंदा कारेकर. शिरगोळच्या शाळेत विज्ञान शिकवते. लग्न केलं नाही. आई गेली तेव्हा माझा धाकटा भाऊ हेरंब पाटी घेऊन शाळेत जायच्या वयाचा होता, त्याचं नाक पुसण्यापासून पुण्याला संशोधनाला धाडण्यापर्यंत सगळं मीच केलं. त्याचं भारी कौतुक होतं मला. वर्गात मुलांना कंटाळा येईपर्यंत त्याची उदाहरणं द्यायचे मी.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला नदीकाठी एक कारखाना आहे. गाड्या विजेवर आल्या त्याला आता बरीच वर्षं झाली, त्यामुळे मोडीत निघालेल्या बॅटऱ्या आणि यंत्रांना तोटा नाही. कारखाना त्या तेजाबात विरघळवतो, धातू काढून घेतो आणि उरलेलं पाणी नदीत सोडतो. सोडत नाही असं त्यांचं म्हणणं आहे. आमच्या विहिरींना तांबं लागलं. न्हाणीच्या फरशीवर हिरवट ओघळ, पाण्याला गंजाची चव, आणि म्हाताऱ्या बायकांचे पांढरे केस धुतले की हिरवट दिसायचे. ग्रामसभेत कारखान्याचा माणूस हसत हसत म्हणाला की शहरात लोक हौसेने तांब्याच्या भांड्यातलं पाणी पितात, तुम्हाला ते घरबसल्या मिळतंय. लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत एवढंच. हसले मात्र काहीजण.

हेरंबने यावर उपाय काढला. आमच्या धक्क्यावर कोळंबी सोलणाऱ्या बायका सालांचे ढीग टाकतात, त्यांची दुर्गंधी अर्ध्या गावाला येते. त्या सालांतून निघणारा एक पदार्थ पाण्यातल्या धातूंना धरतो, हे जुनंच ज्ञान आहे. अडचण अशी की तो हावरा असतो, चुनखडी, लोखंड, जस्त, जे येईल ते धरून बसतो आणि तांब्याला जागाच उरत नाही. हेरंबने त्या पदार्थाच्या रेणूंना नत्राचे आणि गंधकाचे नवे हात जोडले आणि ते अशा मापाने वाकवले की त्या पकडीत तांब्याचाच आयन नेमका बसावा. बाकीचे आले तरी त्यांना धरायला काही नाही, ते पुढे निघून जातात. तांबं आलं की पकड बसते, आणि पकड बसली की साबुदाण्याएवढा पांढरा मणी निळा होतो. म्हणजे तांबं ओळखायचं आणि काढायचं, दोन्ही कामं एकाच मण्याची. मण्यांचं नाव त्याने ठेवलं नीलकण.

पुण्यात त्याची कंपनी उभी राहिली, नीलकणांच्या स्टीलच्या टाक्या झाल्या. वरच्या कप्प्यात विहिरीचं पाणी ओतायचं, ते मधल्या मण्यांच्या नळकांड्यातून झिरपत खालच्या थंड कप्प्यात येतं, तिथे चार तोट्या. नळकांड्याला एक काचेची खिडकी. खालपर्यंत निळी झाली की मणी भरले, नळकांडं बदलायचं. पहिली टाकी आमच्या शाळेत बसली. पाण्याची ती चव गेली आणि मी त्या दिवशी खरंच रडले.

भरलेले मणी फेकायचे नसतात. पुण्याला नेऊन ते आम्लात धुतात. आम्ल त्या पकडीतल्या जागा अडवतं, तांबं सुटतं, मणी पुन्हा पांढरे. दोन महिने थेंबाथेंबाने धरलेलं तांबं एका धुण्यात मोकळं होतं. हे हेरंबने मला आमच्या स्वयंपाकघरात बसून समजावलं होतं, आणि मी लगेच म्हटलं होतं, मग टाकीवर मोठ्या अक्षरात लिही बाबा, यात आंबट काही ओतू नका. त्याने लिहिलंही. त्याच्या कंपनीतल्या जाहिरातवाल्यांनी ते पुसायला लावलं, लोकांना वाटेल यात काहीतरी भीतीचं आहे म्हणून. हे मला त्याने सांगितलं नव्हतं. मी समजत होते की गावोगावच्या टाक्यांवर ते असेल, आणि आमच्या टाकीवर रंग देताना राहून गेलं असेल. फोनवर आठवण केली की हो म्हणायचा, करतो म्हणायचा. खिडकी जवळजवळ सगळी निळी झाली होती, तेही मी कळवलं होतं. या खेपेला येईन तेव्हा दोन्ही करतो, म्हणाला.

तो आला, आणि त्याच दिवशी हळदीकुंकू होतं.

महिला मंडळाचं चैत्रातलं हळदीकुंकू म्हणजे आंबेडाळ, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी आणि कैरीचं पन्हं. पन्हं दरवर्षी सगुणावहिनी टेमकर करतात. या बाईचं आणि माझं कधीच पटलं नाही. तोंड फाटकं, स्वतःच्या हाताच्या चवीचा गर्व, आणि सासूने दिलेल्या पितळी टोपाचं कौतुक तर इतकं की ऐकून ऐकून कान किटले. पण पन्हं चांगलं करतात, हे नाकारून चालायचं नाही. या वर्षी त्यांचा उत्साह उतू जात होता, कारण घरात नवी सून आली होती. केतकी तिचं नाव. लग्नानंतरचा पहिला चैत्र, त्यामुळे ती चैत्रगौरीशेजारी पाटावर बसवलेली, नाकात नथ, हातभर चुडा.

उकाडा मरणाचा. पन्हं गार हवं. बर्फ आणायला गेलेला माणूस काही येईना. मग अध्यक्षाबाईंना कल्पना सुचली: शाळेची टाकी गार करते, तिला तोट्याही आहेत, वाढायचं काम सोपं. कुठल्याही समारंभात आपल्याकडे हेच चालतं, पाण्याची टाकी रिकामी करायची आणि तिच्यात सरबत भरायचं. गाळून घेतलेलं पातळ पन्हं त्यांनी वरच्या कप्प्यात ओतलं. ते कोळंबीच्या सालांच्या त्या हुशार मण्यांतून झिरपलं, आणि कैरीच्या आंबटाने आपलं काम केलं.

मी तेव्हा नव्हते. घरी वार्षिक परीक्षेचे पेपर आवरून पोचले तोवर पहिले पेले वाटून झाले होते. मला मागाहून सगळ्यांनी सांगितलं की पन्ह्याला काय सुरेख हिरवा रंग आला होता. कुणी म्हणालं, वहिनींनी कैरीची सालं वाटून घातली असतील. पहिल्या धारेचे पेले अर्थात नव्या नवरीला. एक घेतला, मग बायकांनी आग्रह केला, जोडीचा घ्यायला हवा. दुसरा घेतला. मग अध्यक्षाबाईंनी उखाणा घ्यायला लावला आणि त्याचं बक्षीस म्हणून तिसरा हातात कोंबला. आग्रह ही आपल्याकडे माया समजली जाते. ती पोरगी पदराने तोंड पुसत पुसत प्याली.

माझ्या हातात पेला आला तो मी तोंडाला लावला आणि तिथल्या तिथे थुंकले. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक राहिलं की जी चव येते ती, पण शंभर पट. जीभ आक्रसली. पन्हं कळकलं होतं. मी ओरडून सगळ्यांच्या हातातले पेले खाली ठेवायला लावले, पण तोवर पहिली उलटी झाली होती, आणि ती पाहून बाकीच्यांची रांग लागली.

संध्याकाळपर्यंत बहुतेकजणी ओकून मोकळ्या झाल्या. साखरमिठाचं पाणी पिऊन घरी गेल्या. केतकीचं पोट मात्र थांबेना, म्हणून तिला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. बायकांना घरोघर पोचवून मी शाळेत परतले ते टाकी बघायला. हेरंब माझ्या आधी तिथे होता. नळकांडं काढून त्याने पोत्यात घातलं होतं आणि नवं बसवत होता. मी पोतं उघडून खिडकी पाहिली. सकाळी निळीशार होती, आता वरून बऱ्याच खालपर्यंत पांढरीफटक. काही सांगायची गरजच नव्हती. हेरंब घामाने भिजला होता. मी म्हटलं, डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता कळायला हवं, हे कल्हईचं कळकणं नाही, यात दोन महिन्यांचं तांबं आहे. तो म्हणाला, ताई, मी स्वतः जातो, मलाच नीट सांगता येईल. आणि गेला. मी आंघोळ करून दोन घास खाल्ले आणि भावाचा अभिमान वाटत झोपले. आज ते आठवलं की त्या दोन घासांचीही शिसारी येते.

सकाळी दवाखान्यात गेले. केतकीचे डोळे हळदीसारखे पिवळे. लघवी काळपट लाल झाली आहे असं परिचारिकेने सांगितलं. पोरगी शुद्धीत होती, पण बोलताना धाप लागत होती. आणि बाहेरच्या बाकावर आमच्या मंडळाच्या बायका बसून काय बोलत होत्या म्हणता? की काविळीचं दुखणं आधीचंच असणार, माहेरच्यांनी लग्नात लपवलं असणार. एकीने तर कावीळ उतरवणाऱ्या माणसाचा पत्ताही काढून ठेवला होता, डोळ्यांत पाल्याचा रस घालतो म्हणे. काल हिच्या हातात तिसरा पेला कोंबणाऱ्या याच. मला तिथल्या तिथे एकेकीला झिंज्या धरून उठवावंसं वाटलं.

सगुणावहिनी कोपऱ्यात उभ्या होत्या. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं. कालपासून सगळा गाव एकच म्हणत होता: वहिनींच्या त्या पितळी टोपाची कल्हई गेली होती, त्यात पन्हं कळकलं, आणि कौतुकापायी बाईने सुनेचाच जीव घ्यायची वेळ आणली. त्यांचा मुलगा बाहेर पायरीवर बसला होता, आईशी बोलत नव्हता.

मी डॉक्टर मोहसीन परकारांना गाठलं. तरुण माणूस, रात्रभर जागा. मी म्हटलं, काल माझ्या भावाने तुम्हाला सांगितलंच असेल. ते म्हणाले, हो, हेरंबसाहेब आले होते, पितळी भांड्याचं सांगितलं त्यांनी, त्यामुळे आम्हीही फार घाबरलो नाही. भांड्यातून उतरलेलं तांबं थोडंच असतं, उलटीत जातं. दवाखान्याच्या निदानयंत्रालाही परकारांनी तेच भरवलं होतं आणि यंत्राने सौम्य विषबाधा, सोबत जुनी कावीळ, असा निकाल दिला होता. यंत्राला खोटं खाऊ घातलं की ते खोटंच ओकणार.

पितळी भांडं! विज्ञान शिकलेल्या माझ्या भावाने गावाच्या तोंडी असलेला शब्द उचलला आणि त्याच्याआड लपून बसला.

हेरंब तिथेच होता, औषधांच्या खोलीपाशी, फोनवर. मी त्याला ओढतच व्हरांड्याच्या टोकाला नेलं. काय केलंस हे, विचारलं. त्याने फोन बंद केला आणि मला समजावू लागला, अगदी शांतपणे, मी त्याला लहानपणी गणितं समजवायचे तसं. सरकार तीनशे गावांना नीलकण देणार आहे. निर्णय याच आठवड्यात आहे. आज टाकीचं नाव निघालं तर उद्या लोक टाक्या फोडतील आणि पुन्हा त्या कारखान्याचं पाणी पिऊ लागतील. तीनशे गावं, ताई. त्यापुढे एक टोप म्हणजे काय? वहिनींना कोणी फाशी देणार आहे का? चार दिवस लोक बोलतील आणि विसरतील.

"आणि केतकी?" मी विचारलं.

"तरुण आहे. निभावेल."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्याच्या तापात मी रात्ररात्र मांडीवर घेतलेला चेहरा होता तो. खोटं काय, सगळेच बोलतात. पण याने हिशेब घातला होता, आणि त्या हिशेबात एक पोरगी वजा करून टाकली होती.

मी सरळ डॉक्टरांकडे गेले आणि सगळं सांगितलं: टाकी, मणी, आम्ल. ते गंभीर झाले. म्हणाले, तसं असेल तर हिच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटताहेत, यकृत जातंय, पाठोपाठ मूत्रपिंडं जातील. तांब्याला बांधून शरीराबाहेर काढणारं औषध लागेल, ते इथे नाही, कोल्हापूरला हलवावं लागेल, आणि आत्ताच.

तेवढ्यात हेरंब मागून आला. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. ताई कालपासून फार अस्वस्थ आहे, म्हणाला. शाळेतलं विज्ञान निराळं आणि हे निराळं, डॉक्टर. नीलकणाची पकड इतकी पक्की असते की पन्ह्यातल्या आम्लाने ती सुटूच शकत नाही, त्याला आमच्या प्रयोगशाळेतलं तेजाब लागतं. आमच्याकडे चाचण्या आहेत. उगाच चुकीचं जहाल औषध देऊन त्या मुलीला आणखी त्रास व्हायला नको.

किती गोड बोलला! डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. एकीकडे पुण्याचा शास्त्रज्ञ, ज्याने हे मणी बनवले. दुसरीकडे शाळेतली बाई. कोणावर विश्वास ठेवाल? ते म्हणाले, रक्त तपासायला पाठवलं आहे, तांब्याचा आकडा संध्याकाळपर्यंत येईल, मग ठरवू. संध्याकाळपर्यंत! त्या पोरीला संध्याकाळ नव्हती.

त्या क्षणी तिडीक माझ्या डोक्यात गेली ती गेलीच. दवाखान्याच्या व्हरांड्यात रुग्णांसाठी हेरंबचीच एक टाकी होती, खिडकी पाऊण निळी. मी फाटकाबाहेर गेले, लिंबू सरबताच्या गाडीवरून मूठभर लिंबं उचलली आणि सुरी मागून घेतली. चहावाल्याकडून काचेचा पेला घेतला. मग परत येऊन टाकीचं नळकांडं फिरवून बाहेर काढलं. शाळेत ते बसवताना मी दहा वेळा पाहिलं होतं. परिचारिका ओरडली, बाकावरच्या बायका उठून बघायला आल्या. निळे मणी मुठीने पेल्यात घातले. थोडं पाणी. लिंबं कापली आणि एकामागून एक पिळली.

डॉक्टर, हेरंब, सगुणावहिनी, मंडळाच्या बायका, सगळे उभे. मी पेला हलवत राहिले. मणी आधी फिकट झाले, मग पांढरट. आणि पाणी हिरवट निळं होत गेलं, कालच्या पन्ह्याचा तोच रंग. मी मणी गाळून काढले, आणि तो पेला माझ्या भावापुढे धरला.

"तेजाब नाही, लिंबू आहे. तू म्हणतोस ना सुटत नाही? मग पी."

तो हसला. ताई, तमाशा करू नकोस, म्हणाला.

"पी, हेरंब. काल ती तीन पेले प्याली. तू एक पी."

त्याने पेला घेतला खरा. ओठांपर्यंत नेलाही. मी आयुष्यात देवाकडे फारसं काही मागितलं नाही, पण तेव्हा दोन गोष्टी एकदम मागितल्या, की याने पिऊ नये, आणि याने प्यावं. एका बाईने नाकाला पदर लावला. हेरंबच्या घशातून ओकारी आल्यासारखा आवाज निघाला आणि त्याने पेला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिला.

मग तो डॉक्टरांकडे वळला आणि अगदी सपाट आवाजात, परिषदेत निबंध वाचतात तसा म्हणाला, "पहिल्या धारेतले तीन पेले. उलटीत गेलं ते सोडून एक ते दोन ग्रॅम तांबं पोटात राहिलं असेल. कोल्हापूरला तसंच कळवा."

म्हणजे आकडा त्याच्याकडे होता! काल संध्याकाळपासून होता. रात्रभर तो आकडा उशाशी घेऊन हा माणूस झोपला होता. परकार धावतच फोनकडे गेले. हेरंब माझ्याजवळ आला आणि हळूच विचारलं, झालं समाधान? मी व्हरांड्याच्या कठड्याशी गेले आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकले. मी पन्हं प्याले नव्हते, तरी.

रुग्णवाहिका निघाली तेव्हा सगुणावहिनी केतकीजवळ बसल्या. मंडळातल्या एकीने पुढे होऊन त्यांच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, मला पहिल्यापासून वाटतच होतं वहिनी, तुमच्या टोपाचं काही नसणार. वहिनींनी तो हात झटकला. त्यांची मला पहिल्यांदाच भलती माया वाटली.

पुढचं थोडक्यात. केतकी वाचली. दोन आठवडे यंत्रावर रक्त धुवावं लागलं, मूत्रपिंडं पुरती सुधारली नाहीत, आयुष्यभर जपून राहायला हवं. पण वाचली. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळचा आकडा यायची वाट बघितली असती तर पाठवून उपयोग नव्हता. तीनशे गावांचं काम हेरंबच्या कंपनीला मिळालं. हो, मिळालं. चौकशी झाली, तिने ठपका टाकीचा गैरवापर करणाऱ्या स्थानिक मंडळावर ठेवला, आणि आता टाक्यांवर लाल अक्षरात सूचना असते. अध्यक्षाबाई सूचनेशेजारी उभ्या राहून फोटो काढून आल्या. कारखाना नदीत सोडतोय तेच सोडतोय. त्याचं नाव चौकशीत कुठेच नाही, कारण तांबं नदीत आलं कुठून, हा प्रश्न कोणाला पडलाच नाही.

आणि मी काय करते? रोज त्याच टाकीचं पाणी पिते. दुसरं आहे कुठे? मणी चांगले आहेत. त्यांची काही चूक नाही, ते जे धरायचं तेच धरतात. हेरंबचा फोन येतो, मी उचलत नाही. गणपतीला आला होता, दारात उभा राहिला. मी म्हटलं, आधी टेमकरांकडे जाऊन ये, मग या घरात ये. गेला नाही. निरोप धाडला की वकिलांनी मनाई केली आहे. राहू दे मग तिकडेच.

मी मात्र टेमकरांकडे गेले, केतकी परत आली त्यानंतर. खरं सांगायचं तर जायला पाय उचलत नव्हता, माझ्याच भावाचं केलेलं ना सगळं. सगुणावहिनींनी आत घेतलं, पाट दिला. मग त्या केतकी झोपली होती त्या खोलीकडे बघत म्हणाल्या,

"बाई, तिला पहिल्याच घोटाला कळलं होतं गो. कडू लागलं होतं. मी समोर बसून विचारत होते, कसं झालंय? आणि ती पोर म्हणत होती, छान झालंय, आई."

एवढं बोलून त्यांनी पदर तोंडाला लावला. या बाईला आयुष्यात कोणी कधी सांगितलं नव्हतं की तुमचं अमुक बिघडलंय, तिच्या तोंडापुढे कोणाची टाप नव्हती. माझीही नव्हती, खोटं कशाला बोलू.

केतकी उठून भिंतीला धरत बाहेर आली. पार वाळली होती, चुडा कोपरापर्यंत वर सरकत होता. वहिनींनी घाईघाईने चहा केला, तिला दिला, मला दिला. आणि सवयीने विचारून गेल्या, कसा झालाय गो? विचारल्यावर स्वतःच दचकल्या.

केतकीने एक घोट घेतला. सासूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग कप खाली ठेवला.

"जळका वास येतोय, आई," ती म्हणाली. "दूध खाली लागलंय."

वहिनींनी तिघींचे कप उचलले, मोरीत ओतले, आणि दुसरा चहा टाकायला आत गेल्या.